कुत्र्यांचा रविवारचा ग्रुप वॉक (छत्रपती संभाजीनगर), तीन महिने जाऊन आल्यावर

आमची हरणी कारवान आहे (सडपातळ शिकारी कुत्र्यांची देशी जात), दोन वर्षांची. पिल्लू होती तेव्हा चाकूर तालुक्यातल्या एका गावातून आणली. लातूरकडच्या माणसाला कारवान म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण इकडं अजून लोक थांबवून विचारतात, हिला खायला घालत नाही का, बरगड्या दिसू राहिल्यात. जात नजरेनं शिकार धरणारी आहे, त्यामुळं लांब काही हललं की ते डोळ्यात भरतं आणि मग नाव घ्या, ओरडा, काहीच ऐकू जात नाही. घरात इतकी गुणी की पाहुण्यांना पत्ता लागत नाही घरात कुत्रं आहे म्हणून, आणि बाहेर काढली की शेळी, मांजर, उडणारी कॅरीबॅग, काहीही दिसो, मला ओढतच नेणार. मागच्या दिवाळीच्या आधी सिडकोत गळ्यातल्या पट्ट्यातून डोकं काढून सरळ रस्त्यावर पळाली. सापडली पाच मिनिटात, पण ती पाच मिनिटं मी विसरू शकत नाही.

त्याच्याही आधी एका ट्रेनरला घरी बोलावलं होतं. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घातली, दुसरं कुत्रं दिसलं की झटका द्या म्हणाले. महिनाभर दिला, आणि हरणी जी आधी नुसती खेळायला ओढायची ती दुसरं कुत्रं दिसलं की गुरगुरायला लागली. आता कळतंय, कुत्रं दिसलं की गळा आवळतो एवढंच तिनं त्यातून शिकलं. याचं वाईट मला आजही वाटतं.

म्हणून ग्रुप वॉकला जाताना मी धास्तावलेली होते. मकबऱ्याच्या मागं गोगाबाबा टेकडीकडं जातो त्या बाजूला सकाळी सहाला जमायचं, महिन्याचे चार रविवार, १२०० रुपये. मला वाटलेलं सगळी कुत्री एकमेकांना भेटतील, हुंगतील, दोस्ती होईल. वॉक घेणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की लीशवर (हातात धरायच्या दोरीवर) असताना कुणी कुणाला भेटायचं नाही. तोंडासमोर तोंड आणून दोघांना उभं केलं की लीश ताणते, कुत्र्याला मागं सरकायला जागा राहत नाही आणि तिथंच भांडणं होतात. पहिला रविवार आम्ही चाललोच नाही, सगळे २०-२५ मीटर अंतरावर उभे. हरणीनं दुसऱ्या कुत्र्याकडं बघितलं की मी "हां" म्हणायचं आणि लगेच चिकनचा तुकडा द्यायचा. मला हे उलटंच वाटलं, बघितल्याबद्दल बक्षीस कशाला? पण दहा-बारा वेळानंतर ती कुत्र्याकडं बघून स्वतःहून माझ्याकडं मान वळवायला लागली, की बघितलं मी, आण आता. त्या मान वळवण्यासाठीच मी पुढचे तीन महिने पहाटे उठले.

या क्लासची खरी किंमत अंतर शिकवण्यात आहे. कुत्रं भुंकू लागलं, ताठ झालं, तुकडा तोंडाशी नेला तरी घेईना, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात, मागं फिरा. त्या अवस्थेत शिकवून काही आत जात नाही, बसायला सांगून तर मुळीच नाही. ज्या अंतरावर ते खाऊ शकतंय, ऐकू शकतंय तिथून सुरुवात करायची. मग दोन कुत्री समांतर चालवायची, माणसं मधे, कुत्री बाहेरच्या बाजूला, आणि मधलं अंतर आठवड्या-आठवड्यानं कमी करायचं. लीश ताणली की झाडासारखं थांबायचं, ढिली झाली की चालायचं. दर दहा मिनिटांनी गवतात तुकडे टाकून हुंगू द्यायचं, खाली मान घालून हुंगलं की कुत्रं शांत होतं हे मी डोळ्यानं बघितलंय. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढाच, आणि तेवढं खाणं घरच्या वाटीतून कमी करायचं. चिकन चालत नसेल तर पनीर चालतं.

सर माणसांकडंच जास्त लक्ष देतात. "ताई, तिच्याकडं नका बघू, तुमची मूठ बघा," हे मला किती वेळा ऐकावं लागलं. समोरून कुत्रं आलं की माझाच हात आवळला जायचा आणि तो ताण सरळ तिच्या गळ्यात. रस्त्यावरची कुत्री आली तर दगड उचलू देत नाहीत, ती त्यांची हद्द आहे, आपण आवाज न करता वळायचं आणि लांबून जायचं. "चल" म्हटलं की वळायचं, हे आधी काहीच नसताना शंभरदा करून घेतलं, त्यामुळं खरी वेळ आली तेव्हा पाय आपोआप वळले.

सातव्या रविवारी टेकडीच्या पायथ्याला शेळ्यांचा कळप आला, तीसेक तरी असतील, आणि एक करडू उड्या मारत पुढं. हरणीचे कान उभे, पुढचा पाय वर उचललेला, मी लीश दोन्ही हातात धरून श्वास रोखून उभी. अंतर ४० मीटर तरी होतं. मी "हां" म्हणाले. दोन क्षण काही नाही, आणि मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी खाली बसले आणि मूठभर चिकन सगळंच दिलं, डोळे भरून आले माझे. शेळ्या राखणारे आजोबा म्हणाले, "लई गुणाची हाय की कारवान तुमची."

आता जे पटलं नाही ते. डिसेंबरात एका रविवारी ११ कुत्री घेतली, तेवढ्यांना एकट्या माणसानं सांभाळणं होत नाही, अंतराचा नियमच मोडला आणि दोन कुत्री एकमेकांवर गेली. सहाच्या वर घेऊ नयेत हे मी सरांना तोंडावर सांगितलं. एकाची लीश सुटत जाणारी लांब दोरीवाली होती, तसल्या लीश पहिल्याच दिवशी परत पाठवायला हव्यात. आणि उन्हाळ्याची वेळ अजून ठरलेली नाही, मराठवाड्यात एप्रिल-मे मधे सकाळी सातनंतर कुत्र्याला डांबरी रस्त्यावर चालवूच नये. तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर ठेवता येत नसेल तर त्याचे पाय भाजणारच.

रेबीजच्या इंजेक्शनचं कार्ड बघितल्याशिवाय घेत नाहीत, हे फार चांगलं. गोचीड दिसली तरी परत पाठवतात. माजावर आलेली मादी आणू नका. कुत्रं आधी कुणाला चावलेलं असेल तर सरळ ग्रुपमधे न येता आधी एकट्याचे सेशन मागा, ते देतात.

कारवान आणि पश्मी, मुधोळ अशा तसल्याच सडपातळ जातीवाल्यांसाठी एक गोष्ट. यांचं डोकं निमुळतं, मान जवळपास तेवढीच, साधा पट्टा मागं ओढला की निघतो. ओढल्यावर थोडासाच आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या किंवा पोटाला दोन पट्टे असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगात घालायचा पट्टा). मी दोन्ही घालते आणि सहा फुटी लीश दोन्हीला अडकवते. पाण्याची बाटली घरून न्या, टेकडीवर पाणी नाही.