म्हापशातलं ‘नाही’ म्हणणारं ॲक्वेरियमचं दुकान

म्हापशाच्या बाजारापासून थोडं आत, गल्लीत हे दुकान आहे. मी डिचोलीत शाळेत विज्ञान शिकवते. वर्गातल्या दोन फुटी टाकीत कोणता मासा हवा, हे मुलांनी आधीच ठरवलं होतं: मिस केरळ. तोंडापासून अर्ध्या अंगापर्यंत लालभडक पट्टा, त्याखाली काळा. मालकांनी सरळ नकार दिला. “टीचर, तो मी ठेवत नाही. पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, थव्याने राहतो, त्याला वाहतं पाणी लागतं. आणि नदीतून धरलेला की टाकीत पैदा झालेला, हे मला कोण खात्रीने सांगणार?”

हातचं गिऱ्हाईक सोडून असं बोलणारा दुकानदार मला फार मोठा वाटला. हा मासा फक्त केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या चालियार, वळपट्टणम, चंद्रगिरी अशा नद्यांत सापडतो. १८६५ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी त्याची नोंद केली, पण १९९७ मध्ये सिंगापूरच्या ॲक्वारामा या शोभेच्या माशांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं आणि त्याची मागणी भडकली. आज तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत संकटग्रस्त आहे. मासे धरणं थांबलं तरी वाळूउपसा, धरणं, काठावरची जंगलतोड आणि शेतामळ्यांतली कीटकनाशकं आहेतच. आपले व्हाळ, म्हणजे ओढे, त्याच सह्याद्रीतून उतरतात, म्हणून मुलांना हे कळायलाच हवं.

शेवटी आम्ही झेब्रा डॅनिओ हे छोटे पट्टेरी मासे घेतले, टाकीत पैदा झालेले. नवीन आलेला माल मालक वेगळ्या टाक्यांत ठेवतात, लगेच विकत नाहीत. पाणी स्वच्छ, मेलेला मासा कुठे तरंगताना दिसला नाही. पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवून मग थोडं थोडं पाणी कसं मिसळायचं, तेही नीट दाखवलं. फिल्टर मात्र महाग वाटले आणि पाणवनस्पती अगदीच मोजक्या आहेत.

मला सगळ्यात पटलेली सोय वेगळीच. टाकीत न मावणारा सकर, म्हणजे काचेला तोंडाने चिकटणारा मासा, ते परत घेतात, पैसे न मागता. हे मासे लोक तळ्यात, व्हाळात सोडतात, तिथे ते वाढतात आणि मूळच्या माशांच्या जागेवर बसतात. तुमच्याकडे असा वाढलेला सकर असेल तर झाकणाच्या बादलीत घालून इथे आणून द्या. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.