क्रुशल बीएक्स५०० : सुरू व्हायला वेळ लावणाऱ्या जुन्या डेस्कटॉपसाठी घ्यावी का?

निकाल आधीच सांगतो. सात-आठ वर्षांचा डेस्कटॉप, आत फिरणारी हार्ड डिस्क आणि बटण दाबल्यापासून हाताला काम मिळेपर्यंत तीन-चार मिनिटं, अशी अवस्था असेल तर क्रुशलची बीएक्स५०० ही साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच साटा केबलला लागणारी, पण फिरणारे भाग नसलेली चिपवरची डिस्क, घ्यावी. थोड्या खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. अट एकच : वेळ खरोखर डिस्कमुळे जात असला पाहिजे.

ही अट बहुतेक ठिकाणी तपासलीच जात नाही. सांगलीत मार्केट यार्डातलं आडत दुकान असो, विश्रामबागेतलं सीएचं ऑफिस असो की कुपवाड एमआयडीसीतलं वर्कशॉप, ‘पीसी स्लो झालाय’ म्हटलं की कुणी फॉरमॅट मारून देतो, कुणी रॅम वाढवून देतो, आता कुणी सरळ एसएसडी टाकून देतो. तिन्हींचे पैसे जातात आणि कधीकधी पीसी होता तसाच राहतो. हळदीचे सौदे सुरू व्हायच्या वेळी शेतकरी पट्टीसाठी काउंटरवर उभा असतो आणि स्क्रीनवर गोल फिरत असतो. म्हणून ‘किती वेळ लागतो’ याआधी ‘कुठे वेळ लागतो’ हे पाहावं.

मोबाइलचं स्टॉपवॉच लावून तीन आकडे लिहून ठेवा : बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह येईपर्यंत, चिन्हापासून लॉगिनपर्यंत आणि लॉगिनपासून टॅली किंवा एक्सेल नीट उघडेपर्यंत. मात्र पीसी ‘शट डाउन’ करून नव्हे, ‘रीस्टार्ट’ करून मोजा; तेव्हा पहिला आकडा स्क्रीन काळा झाल्यापासून धरा. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो, पूर्ण बंद होत नाही. त्यामुळे खरी वेळ रीस्टार्टमध्येच दिसते.

पहिला टप्पाच तीस-चाळीस सेकंद खात असेल तर एसएसडी घ्यायची घाई नको. तो वेळ बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचा आहे, विंडोज तिथे पोचलेलंही नसतं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर उजवीकडे वर ‘लास्ट बायोस टाइम’ दिसतो. जुन्या पद्धतीच्या बायोसवर तो दिसत नाही, तिथे स्टॉपवॉचच. या टप्प्याला उशीर होण्याची नेहमीची कारणं साधी असतात. मागे पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावून ठेवलेली असते. बूट क्रमात नेटवर्क पहिलं असतं आणि पीसी आधी नेटवर्कवरून बूट व्हायचा प्रयत्न करतो. किंवा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला असतो. हा सेल ३ व्होल्टचा. मीटरवर अडीचच्या आसपास आला की तारीख मागे जाते, बायोसची सेटिंग पुसली जातात आणि रोज सकाळी ‘एफ१ दाबा’ असा निरोप येतो. चुकलेल्या तारखेमुळे बँकेची आणि जीएसटीची साइटही सर्टिफिकेटची तक्रार करत उघडत नाही. सेल बदलायला पाच मिनिटं लागतात. पीसीची वायर भिंतीतून काढून बदला आणि लगेच बायोसमध्ये जाऊन तारीख, बूट क्रम आणि साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) पाहून घ्या.

दुसरा-तिसरा टप्पा लांबत असेल तर लॉगिन झाल्याबरोबर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्क पाहा. डिस्क १०० टक्के व्यस्त, पण वाचण्याचा वेग सेकंदाला फक्त एक-दोन एमबी, असं चित्र दिसलं तर निदान झालं. हा विरोधाभास वाटतो, पण त्यातच हार्ड डिस्कचा सगळा आजार आहे. मिनिटाला ७२०० फेरे फिरणाऱ्या तबकडीला एक फेरा घ्यायला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी ४.२. डोकं त्या पट्ट्यावर सरकायला आणखी साधारण ९. मिळून एका ठिकाणचं वाचायला तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० ठिकाणं. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फाइली विखुरलेल्या जागांवरून मागते. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होतं. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला ५४० एमबीचा वेग फरक पाडत नाही, हा लहान वाचनाचा वेग पाडतो.

म्हणूनच जुन्या बोर्डवर एसएसडी फुकट जाते हा समज चुकीचा आहे. इंटेलच्या एच६१ चिपसेटला (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपला) साटाचा ३ गिगाबिटचाच वेग आहे, त्यामुळे बीएक्स५०० तिथे सेकंदाला पावणेतीनशे एमबीच्या आसपास अडकते. तरीही सुरू व्हायच्या वेळेत जाणवण्याइतकं नुकसान होत नाही. एच८१ वर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ चे असतात; बोर्डवर पोर्टशेजारी छापलेलं वाचून जलद पोर्टला लावा.

उलट, डिस्क शांत आहे आणि प्रोसेसर १०० टक्क्यांवर आहे, तर ही वस्तू तुमच्यासाठी नाही. एकाच पीसीवर दोन अँटिव्हायरस बसलेले असतात, किंवा स्टार्टअपमध्ये प्रिंटरची, स्कॅनरची, जुन्या डोंगलची दहा-बारा सॉफ्टवेअर रांगेत असतात. तिसरा टप्पा लांबवणारं आणखी एक कारण दुकानांमध्ये हमखास सापडतं : टॅलीचा डेटा दुसऱ्या पीसीवर असतो, तो नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो आणि तो दुसरा पीसी अजून चालूच केलेला नसतो. विंडोज त्याची वाट पाहत बसते. डेटा असलेला पीसी आधी सुरू करा, एवढंच औषध.

आता वस्तूकडे. बीएक्स५०० ही २.५ इंची, ७ मिलिमीटर जाडीची एसएसडी, २०१८ मध्ये बाजारात आलेली. २४० जीबीच्या मॉडेलला कंपनीने वाचनाचा वेग ५४० आणि लिहिण्याचा ५०० एमबी सांगितला आहे, वॉरंटी ३ वर्षं, लिहिण्याची मर्यादा ८० टीबी. रोज २० जीबी लिहिलं तरी ती मर्यादा गाठायला ४,००० दिवस, म्हणजे जवळपास अकरा वर्षं लागतील. दुकानाच्या पीसीवर रोज इतकं लिहिलंही जात नाही, त्यामुळे ‘एसएसडी लवकर झिजते’ ही भीती मनातून काढा.

खरा उणेपणा दुसरीकडे आहे. हिच्यात स्वतःची डीरॅम (डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारी जलद मेमरी) नाही. रोजच्या कामात ते कळत नाही, पण पन्नास-साठ जीबीचे लग्नाचे व्हिडिओ एका दमात कॉपी करायला घेतले की आतली जलद लिहिण्याची जागा भरते आणि वेग धाडकन खाली येतो, कधी हार्ड डिस्कपेक्षाही. एसएसडी जवळजवळ भरलेली असेल तर हे लवकर होतं. फोटो स्टुडिओवाल्यांनी सॅमसंगची ८७० ईव्हीओ पाहावी. तिच्यात डीरॅम आहे, २५० जीबीला १५० टीबीची मर्यादा आणि ५ वर्षांची वॉरंटी आहे, भाव अर्थात चढा. किंग्स्टनची ए४०० ही बीएक्स५०० च्याच पंगतीतली. तीही बिनडीरॅमची, २४० जीबीला लिहिण्याचा सांगितलेला वेग ३५० एमबी.

२४० की ४८०? २४० जीबी विंडोजमध्ये २२३ दिसते. विंडोज, ऑफिस, टॅली, चार वर्षांचा डेटा आणि व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फाइली धरल्या की वर्षभरात लाल पट्टी येते. भावातला फरक परवडत असेल तर ४८०च घ्या, तिची लिहिण्याची मर्यादाही १२० टीबी आहे.

एक बाब खरेदीआधी माहीत हवी. क्रुशलची मालक कंपनी मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये या ब्रँडचा किरकोळ ग्राहकांसाठीचा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. विकलेल्या मालाची वॉरंटी सेवा चालू ठेवणार असंही कंपनीने सांगितलं आहे. तरी आता मिळतो तो राहिलेला साठा असू शकतो, म्हणून सिरीयल नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल घ्या. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलचं नाव ‘सीटी२४०बीएक्स५००’ (४८०ची असेल तर ‘सीटी४८०बीएक्स५००’) असं सुरू होतंय का, आणि ‘पॉवर ऑन अवर्स’ शून्याच्या जवळ आहेत का, एवढं पाहा. शेकडो तास दिसले तर माल वापरलेला आहे, त्याच दिवशी परत करा. याच सॉफ्टवेअरमध्ये ‘साटा/३०० | साटा/६००’ असं दिसलं तर घाबरू नका. डावीकडचा आकडा सध्याचा, उजवीकडचा एसएसडीला झेपणारा. पोर्ट जुना आहे, इतकाच त्याचा अर्थ.

पाकिटात केबलही नसते आणि स्क्रूही नसतात. साटा डेटा केबल, २.५ ते ३.५ इंचाचं ब्रॅकेट आणि चार आखूड एम३ स्क्रू वेगळे मागून घ्या. हार्ड डिस्कचे जाड स्क्रू एसएसडीत बसत नाहीत, जबरदस्तीने फिरवले तर आटे जातात. केबल मिळाली नाही तर डीव्हीडी रायटरची काढून वापरा, तो आता कुणी वापरत नाही. एसएमपीएसला (पीसीच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) साटाची पॉवर पिन कमी पडत असेल आणि जुन्या चार पिनच्या मोलेक्सवरून साटा करणारा कन्व्हर्टर लावावा लागला तर पिनचं टोक ओतीव प्लास्टिकचं असलेला घेऊ नका. त्यात तारा आतल्या आत चिकटून शॉर्ट होऊ शकतात आणि वितळू शकतात. तारा एकेक करून वेगळ्या दाबून बसवलेला कन्व्हर्टर घ्या.

क्लोन मारण्याआधी, म्हणजे जुनी डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी एसएसडीवर उतरवण्याआधी, जुन्या हार्ड डिस्कची तब्येत पाहणं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. क्रिस्टलडिस्कइन्फोत ०५ आणि सी५ या दोन ओळी वाचा. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, निर्णयाविना लटकलेले. सी५ शून्य नसेल तर क्लोन मध्येच अडकतो आणि त्या धडपडीत उरलीसुरली डिस्कही जाऊ शकते. अशा वेळी आधी टॅलीचा डेटा, डीएससीची (डिजिटल सहीची) सॉफ्टवेअर, आउटलुकच्या मेलची पीएसटी फाइल हाताने कॉपी करा आणि एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. सी७ या ओळीची (डेटा नेण्या-आणण्यात झालेल्या चुकांची) संख्या वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसतो, केबलचा असतो. केबल बदलून पुन्हा मोजा. कधी सगळा आजार तिथेच संपतो.

डिस्क धडधाकट असेल तर क्रुशलच्या साइटवरून मिळणारं अॅक्रोनिस हे क्लोनचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ५०० जीबीच्या डिस्कवरून २४० वर जायचं असेल तर वापरलेली जागा आधी २०० जीबीच्या आत आणा. चांगल्या डिस्कवरून २०० जीबी उतरायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. क्लोन संपला की पीसी बंद करा, जुन्या डिस्कची केबल काढा आणि पहिल्यांदा फक्त एसएसडीवर सुरू करा. इथे बरेच जण चुकतात. दोन्ही डिस्क लावून सुरू केलं तर बायोस जुन्याच डिस्कवरून विंडोज उचलतो आणि ‘एसएसडी टाकूनही फरक नाही’ अशी तक्रार येते.

बायोसमध्ये साटा मोड जुना आयडीई असेल तर तो नवा एएचसीआय करायचा, पण थेट नाही. थेट बदलला तर निळा स्क्रीन येतो. आधी एमएसकॉन्फिगमध्ये बूट पानावर सेफ बूटला टिक करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडा, विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, अकाउंटचा पासवर्ड हाताशी ठेवा. जी४१ चिपसेटच्या जुन्या बोर्डांवर आयसीएच७ ही डिस्क सांभाळणारी चिप असेल तर एएचसीआयचा पर्यायच नसतो. तिथे आहे तसं चालू द्या.

एवढं झालं की लॉगिनपर्यंतचा वेळ बहुधा वीस-तीस सेकंदांवर येतो. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करा, नाहीतर क्रोम आणि टॅली एकत्र उघडल्यावर दम लागणारच. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, ते एसएसडीने मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या पीसीवर पैसे घालताना हे धरूनच हिशोब करा.

वीज अचानक गेली तर हातातलं लिखाण वाचवणारे कपॅसिटर या स्वस्त एसएसडीत नसतात. उन्हाळ्यात वळीव आला की वीज जाते-येते, त्यामुळे ६०० व्हीएचा चालू बॅटरीचा यूपीएस हा एसएसडीच्या खर्चातलाच भाग माना. हार्ड डिस्क मरण्याआधी खडखडते, संथ होते, इशारा देते. एसएसडी बऱ्याचदा एका सकाळी दिसायचीच बंद होते आणि तिच्यातून डेटा काढणं फार महाग पडतं. जुनी हार्ड डिस्क पंधरा दिवस न पुसता ठेवा, सगळं नीट चाललं की फॉरमॅट करून बॅकअपला वापरा. सांगलीसारख्या ज्या गावाने २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलाय तिथे तो बॅकअप त्याच दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. आठवड्याला एक प्रत उंचावरच्या भागात, घरी वरच्या मजल्यावर न्या.