ठिबकचे 46 हजार पाण्यात

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. घरातले म्हणतात, आपलाच बावळटपणा चव्हाट्यावर कशाला मांडायचा. पण गेल्या आठवड्यात इथल्याच, कळव्यातल्या एका ओळखीच्यांनी मला कौतुकाने सांगितलं की ठिबक सिंचनाला 80 टक्के अनुदान मिळवून देणारा एक माणूस भेटलाय, फार सज्जन आहे, 'काका काका' करून बोलतो. मला फसवणारा ठिबकवालाही असाच बोलायचा. ते 'काका काका' ऐकलं आणि लिहायला बसलो.

माझी सगळी नोकरी ठाण्यात गेली. गाव शहापूर तालुक्यात. वडिलोपार्जित दीड एकर, पावसाळ्यात भात आणि नंतर पड. आमच्या तालुक्याची तऱ्हा माहीतच असेल. भातसा, तानसा आमच्याकडे, पाणी मुंबईच्या नळाला, आणि एप्रिल-मे आला की आमच्या पाड्यांवर टँकर. आमची विहीर मार्च कसाबसा काढते. निवृत्तीनंतर ठरवलं की त्यातल्या 20 गुंठ्यांवर भेंडी करायची. आमच्या भागातली उन्हाळी भेंडी वाशीच्या मार्केटात जाते, गावातले चारपाचजण दरवर्षी करतात. पाटाने पाणी दिलं तर विहीर फेब्रुवारीतच तळाला जाईल, म्हणून ठिबक. इथपर्यंतचा विचार अजूनही मला चुकीचा वाटत नाही.

तो ठिबकवाला मला भेटला ठाण्यातल्या एका कृषी प्रदर्शनात. स्टॉल छान, टेबलावर 7/12 च्या झेरॉक्सची चळत, शेजारी काचेच्या पेटीत चालू ठिबकचं मॉडेल. त्याने मला एकही प्रश्न जमिनीबद्दल विचारला नाही. जमीन हलकी की भारी, विहिरीला शेवाळ येतं का, पंप किती पाणी फेकतो, पीक कुठलं, काही नाही. खरं तर तिथेच उठायला हवं होतं. पण मला वाटलं, किती अनुभवी माणूस, न विचारताच सगळं कळतंय.

हिशोब असा सांगितला: एकूण 46,000. आधी तुम्ही भरा, 80 टक्के खात्यात परत येतील. 7/12 अजून वडिलांच्या नावावर आहे, वारस नोंद व्हायची आहे, हे मी स्वतःहून सांगितलं. 'चालतं काका, ते आम्ही मॅनेज करतो.' 30,000 आगाऊ दिले, मोबाइलवरून, त्याच्या खासगी खात्यावर. उरलेले 16,000 फिटिंगच्या दिवशी रोख.

जानेवारीत माल आला. नळीची चार बंडलं, प्रत्येकी 500 मीटर, असं कागदावर. दोन पोरांनी दुपारपर्यंत सगळं अंथरून टाकलं. शेत 50 मीटर बाय 40 मीटर. चार फुटांवर ओळ धरली तर 41 ओळी बसतात, म्हणजे 1,640 मीटर नळी लागते आणि 2,000 मधून साडेतीनशे मीटर उरायला हवी. यांनी ओळी पाच फुटांवर टाकल्या. 33 ओळींत नळी संपली आणि हातभरही उरली नाही. म्हणजे अंथरलेली नळी 1,320 मीटर. हा गुणाकार मी मार्चमध्ये केला. त्या दिवशी मी पोरांना चहा दिला आणि मोटार चालू केल्यावर 3,300 ठिकाणी एकदम टपटप सुरू झालं ते बघून वडिलांची आठवण काढली.

शेजारच्या शेतातले मामा संध्याकाळी आले. नळीचा तुकडा उचलला, नाकाला लावला, दुमडला, पुन्हा सरळ केला. दुमडलेल्या जागी पांढरी रेघ उमटली होती.

'भाऊ, वास कसला येतोय याला?'

'नवीन आहे ना मामा.'

मामा काही बोलले नाहीत. हा माणूस चाळीस वर्षं भाजी करतोय, आणि मी त्याला प्लास्टिक समजावून सांगत होतो!

पहिला महिना बरा गेला. रोप लहान असताना पाणी लागतंच किती. फेब्रुवारीच्या शेवटी उन्हं वाढली तसा शेताचा नकाशा दिसायला लागला. मुख्य पाइपाजवळची झाडं नुसती ओली, पानं पिवळट. मधली ठीक. आणि ओळीच्या शेवटची दहा-बारा मीटर झाडं दुपारी माना टाकून उभी, फुलगळ, आलेली भेंडी दोन दिवसांत जून. ठिबकवाल्याला फोन केला तर म्हणाला, पाणी वाढवा, एक तासाऐवजी दोन तास चालवा. मी चालवलं. विहीर खाली गेली आणि पाइपाजवळची झाडं आणखी पिवळी पडली.

मामांनी वाफसा बघायला सांगितलं. मुळांच्या खोलीवरची मूठभर माती घ्यायची आणि दाबायची. गोळा व्हावा, पण अंगठ्याने दाबला की फुटावा, तो वाफसा. पाइपाजवळच्या टोकाला माती चिखलासारखी बोटांना चिकटली. शेवटच्या टोकाला गोळाच होईना, मुठीतून सांडून गेली. एकाच ओळीत, 40 मीटरांत.

मग जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, आणि यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. ड्रिपर, म्हणजे नळीतलं थेंबथेंब पाणी सोडणारं तोंड, ताशी 4 लिटरचा असेल तर पंधरा मिनिटांत लिटरची बाटली भरली पाहिजे. ड्रिपरखाली वीतभर खड्डा करून त्यात बाटली ठेवायची. पाणी नळीच्या पोटाला धरून बाजूला पळतं, म्हणून ड्रिपरपाशी नळीला सुतळीचा तुकडा बांधून त्याचं टोक बाटलीत सोडायचं. पाणी सुतळीवरून गुमान खाली उतरतं. मी एका ओळीत तीन ठिकाणी बाटल्या लावल्या. पहिली तेरा मिनिटांतच भरून वाहिली. मधली निम्मी. शेवटची दोन बोटं. दुसऱ्या चार ओळींत करून बघितलं, थोड्याफार फरकाने तेच.

कारण शोधायला तालुक्याच्या गावातून ठिबकचा एक मिस्त्री आणला. त्याने आधी पट्टी लावून नळी मोजली. मला सांगितली होती 16 एमएम, निघाली 12. एवढ्या बारीक नळीत एवढे ड्रिपर ठेवून 40 मीटर ओढलं तर दाब शेवटपर्यंत पोचतच नाही. दुसरं म्हणजे फिल्टर. विहिरीच्या पाण्यात शेवाळ असतं, त्याला वाळूचा फिल्टर आणि त्यापुढे जाळीचा, असे दोन लागतात. कागदावर दोन्ही लिहिलेले होते, शेतात जाळीचा एक प्लास्टिकचा डबा, आणि त्यातली जाळी फाटलेली. मिस्त्रीने ओळींची बुचं काढून पाणी सोडलं तर हिरवा गाळ बाहेर आला. नळी उभी चिरून दाखवली. आतल्या ड्रिपरच्या बारीक वाटांत शेवाळ पॅक बसलेलं. नळी भंगार प्लास्टिक वितळवून केलेली. चांगल्या नळीवर ठरावीक अंतराने आयएसआयची खूण, आयएस क्रमांक, परवाना क्रमांक, व्यास आणि बॅच छापलेलं असतं, आणि तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. आमच्या नळीवर आयएसआयची खूण होती. थुंकी लावून अंगठा घासला, निघून गेली.

राहिलं अनुदान. तालुका कृषी कार्यालयात गेलो, तिथे शांतपणे ऐकून घेतलं आणि मला जे कळलं ते असं. ठिबकचं अनुदान खरंच आहे, अल्पभूधारकाला 80 आणि इतरांना 75 टक्क्यांपर्यंत, केंद्राचं आणि राज्याचं पूरक मिळून. पण आधी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर स्वतःच्या नावाने अर्ज, मग पूर्वसंमती, त्यानंतर खरेदी, तीही नोंदणीकृत विक्रेत्याकडून आणि जीएसटीच्या पक्क्या बिलावर. मग शेतात येऊन तपासणी होते आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. पूर्वसंमतीच्या आधी घेतलेल्या मालाला काही मिळत नाही. माझ्या नावाचा अर्जच नव्हता. वडिलांच्या नावाचा होणं शक्य नव्हतं, ते जाऊन नऊ वर्षं झाली.

आणि बिल? मी फायलीत जपून ठेवलेला तो रंगीत कागद तिथल्या बाईंनी माझ्याकडे परत सरकवला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'कोटेशन'. बारीक अक्षरात. जीएसटी क्रमांक नाही, परवाना नाही, पत्ता म्हणून ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला एक गाळा. त्या गाळ्यावर जाऊन आलो. तिथे खोकी बनवतात, दोन वर्षांपासून.

त्याचा फोन आता लागत नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्ज दिलाय. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं आहे, एवढ्या रकमेला तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. पण वकील मित्र विचारतो, प्रतिवादी कोण लिहायचा? माझ्याकडे आहे एक कोटेशन, मोबाइलवरून गेलेल्या 30,000 ची नोंद आणि कमी भरलेली ती नळी. 16,000 रोख दिले त्याचा तर चिठोराही नाही. नळीचे तुकडे, ती फाटकी जाळी, प्रदर्शनात घेतलेला त्याचा फोटो, सगळं एका गोणीत बांधून ठेवलंय. तुम्हीही ठेवा, रागाच्या भरात काही जाळू नका.

भेंडीचं म्हणाल तर मुख्य पाइपाजवळच्या पट्ट्यातून, वेळ कमी करून, दिवसाआड थोडी निघाली. शेवटच्या पट्ट्याला मी आणि मामांचा मुलगा बादलीने पाणी घालत होतो, मार्च संपेपर्यंत. मग विहिरीनेच निकाल लावला.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिलाय. ती झाली की महाडीबीटीवर अर्ज मी स्वतः करणार आहे. आणि पूर्वसंमती येऊन खरी नळी घ्यायची वेळ आली, की दुकानात मामांना बरोबर नेणार आहे.