विंडोज १० आणि विंडोज ११: एकाच टेबलावर नऊ महिने

तहसील कचेरीसमोर आमचं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतींचे अहवाल. दिवसभर मराठीच टाइप होतं. जानेवारी २०२५ मध्ये विंडोज ११ चा नवा संगणक आणला, पण विंडोज १० चा जुना काढला नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि तेव्हापासून दोन्हींवर रोज काम केलं.

वेगाबद्दल पहिल्यांदा सांगते, कारण सगळे तेच विचारतात. नवा खूपच वेगवान आहे, पण त्याचं श्रेय विंडोज ११ ला देणं बरोबर नाही. जुना २०१७ चा, सातव्या पिढीचा आय-५, ४ जीबी रॅमचा. नवा बाराव्या पिढीचा आय-३, १६ जीबीचा. फरक यंत्रांचा आहे.

जुन्यावरच विंडोज ११ टाकावं असा आधी विचार होता. जमलं नाही. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा, शिवाय टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) हवं. माझा संगणक एका पिढीने राहिला. त्यावर चारशे पानांचा अहवाल आजही न अडखळता उघडतो, आणि तरी तो यादीत बसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुरक्षेचं कारण मला पटतं, पण छोट्या दुकानदाराला चालतं यंत्र बाजूला ठेवून नवं घेणं परवडतंच असं नाही.

आता मराठीचं. पहिल्याच संध्याकाळी एक जुनं प्रतिज्ञापत्र नव्यावर उघडलं, तर दोन पानांचा मजकूर तिसऱ्या पानावर गेलेला! फाईल मंगल फॉण्टमधली होती आणि मंगल नव्यावर नव्हताच, त्यामुळे दुसऱ्या फॉण्टमध्ये ओळी वेगळ्या तुटल्या. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉण्ट विंडोज १० पासूनच वेगळे जोडावे लागतात. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की ते इंटरनेटवरून उतरतात, किंवा ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरीचे पुरवणी फॉण्ट शोधून घ्यायचे. जुन्यावर मी हे कधीतरी केलेलं होतं आणि विसरले होते. नव्या संगणकावर मराठीचं काम करणार असाल तर पहिली फाईल उघडण्याआधी हे उरका.

कीबोर्डचं मात्र काहीच बदललेलं नाही आणि त्याचा फार आनंद आहे. इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांच्या सरकारी कीबोर्ड मांडणीत) 'दुसऱ्या' लिहिताना शिफ्ट-जे, डी आणि मग तिरपी रेघ, दोन्हीकडे बोटं तशीच जातात. विंडोज कळ आणि स्पेसबारने भाषा बदलते, तेही तसंच. २०१९ मध्ये विंडोज १० ला मिळालेला मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) कीबोर्ड इथेही आहे. मदतीला येणारी मुलगी तोच वापरते. रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर) हात बसलेल्यांना मात्र दोन्हींत वेगळं सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं.

सवय मोडली ती टास्कबारने. आमची पानं उभी असतात, म्हणून मी कित्येक वर्षं टास्कबार डाव्या कडेला उभा ठेवत आले. तेवढी उंची पानाला मिळते. माझ्याकडच्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत तो खालीच राहतो, हलवताच येत नाही. स्टार्टचं बटण तेवढं मधून डावीकडे नेता येतं. उजव्या क्लिकचा मेनूही आखडलाय, पण शिफ्ट दाबून उजवं क्लिक केलं की जुना पूर्ण मेनू येतो. हे कळल्यावर ती तक्रार संपली.

माझी सगळ्यात मोठी हरकत स्टार्ट मेनूतल्या 'रेकमेंडेड' भागाला आहे. नुकत्याच उघडलेल्या फाईलींची नावं तिथे दिसतात. आमच्याकडे गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीत बसून मजकूर सांगतं. स्टार्ट उघडलं की आधीच्या माणसाच्या वाटणीपत्राची किंवा घटस्फोटाच्या अर्जाची फाईल त्याला नावासकट दिसणार. छोट्या गावात हे चालत नाही. पर्सनलायझेशनमध्ये ते बंद केलं. त्याबरोबर फाईल एक्स्प्लोररमधली अलीकडच्या फाईलींची यादीही गेली. ती मला रोज लागायची, पण लोकांचा विश्वास मोठा.

फाईल एक्स्प्लोररमध्ये टॅब आलेत आणि आता त्यांच्याशिवाय जुन्यावर बसवत नाही. विंडोज कळ आणि झेड दाबलं की पडदा विभागायचे साचे समोर येतात: एकीकडे हस्तलिखिताचा स्कॅन, दुसरीकडे टाइप होणारं पान. मध्येच दुसरं काम काढलं तरी ही जोडी एकत्रच परत मिळते. मुद्रितशोधनाला याचा फार उपयोग होतो.

विंडोज ११ ची होम (घरगुती) आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. त्या खात्याने सुरू केलेल्या नव्या यंत्रावर डिस्क आपोआप कूटबद्ध (कुलूपबंद) झालेली असू शकते. तशी असेल तर ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

जुना का ठेवला, तर दोन वस्तूंसाठी. एक स्कॅनर, ज्याचा ड्रायव्हर (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) फक्त ३२ बिटचा आहे, आणि जुन्या मराठी फॉण्ट सॉफ्टवेअरचं डाँगल (ते जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), त्याचंही तसंच. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती, जुन्यावर तीच आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिट, आणि ६४ बिटवर ३२ बिटचा ड्रायव्हर चढत नाही. पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका त्या जुन्या फॉण्टमध्ये आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा, म्हणजे नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट, संपला. घरच्या संगणकासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवायची सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप ठेवला तर पैसेही पडत नाहीत. घरी हेच करा असं मी ओळखीच्यांना सांगते. दुकानात लोकांचे आधार क्रमांक, जमिनीचे कागद असतात, म्हणून जुन्याची नेटची वायरच काढली. आता दुपारी गर्दी ओसरली की त्यावर एकेक जुनी पत्रिका युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून पेनड्राइव्हने नव्यावर आणते. २०१४ पर्यंतच्या झाल्यात.