स्टीलची उवांची फणी : शाळा उघडल्यापासून संक्रांतीपर्यंतचा वापर

आधी निकाल सांगते, कारण घाईत वाचणाऱ्या आयांना तेवढाच हवा असतो. लांब दातांची स्टीलची फणी घ्या, प्लॅस्टिकची घेऊ नका. आणि दोन आठवडे ती ठरल्या दिवशी चालवायची तयारी असेल तरच घ्या. तशी चालवली तर आमच्या घरात कुठल्याही तेल-शाम्पूपेक्षा हीच जास्त कामी आली.

आमचं गाव विदर्भातल्या दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातलं. घर एकत्र: माझी दुसरीतली मुलगी, अंगणवाडीत जाणारा मुलगा आणि जाऊबाईंच्या दोन मुली. मुलींचे केस कमरेपर्यंत, रोज दोन वेण्या आणि रिबिनी. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि पावसाळा लागला की लेकरं वर्गात, ओसरीवर, एका पांघरुणात डोक्याला डोकं लावून बसतात. दरवर्षी त्याच दिवसांत डोकी खाजायला लागतात. जाऊबाईंची धाकटी येऊन म्हणाली, "काकू, माह्या डोक्शात पाह्य न वो, लय खाजवते." तिला उजेडात बसवून पाहिलं, तर कानामागे आणि मानेवर लिखाच लिखा. त्याच आठवड्यात फणी मागवली.

फणी म्हणजे जेमतेम बोटभर रुंद, मूठ प्लॅस्टिकची, दात स्टीलचे. दात लांब हवेत, नाहीतर दाट केसांत ती टाळूपर्यंत पोचतच नाही, वरवर फिरते. दुसरी गोष्ट, दोन दातांतली फट. ऊ अडकायची तर फट ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. बाजारातल्या लाकडी फणीने मोठ्या उवा निघतात, बारीक पिल्लं मागे राहतात. औषधाच्या बाटलीबरोबर फुकट मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या फणीचे दात केसांचा जोर लागला की फाकतात, आणि फाकलेल्या दातांतून ऊ आरामात सुटते. स्टीलच्या दातांना बोटाने दाबून पाहा. हलले नाहीत तर घ्या.

आता पाण्याचं. विहिरीच्या आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, गुंततात. अशा केसांत ही फणी घातली की मूल रडणारच, आणि एकदा दुखलं की पुढच्या वेळी ते हाती लागत नाही. म्हणून नळाला शहानूर धरणाचं गोड पाणी येतं तो दिवस धरायचा. केस धुऊन ओलेच ठेवायचे, कंडिशनरची पुडी चोळायची, आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढायचा आणि मगच फणी. कंडिशनर नसेल तर भरपूर खोबरेल तेल. ओल्या, निसरड्या केसांत उवा काही वेळ गप पडून राहतात. कोरड्या केसांत फणी घातली की त्या सरसर पळतात आणि अर्ध्या हाती लागत नाहीत.

मी ओट्यावर, सकाळच्या उन्हात बसते. मुलीच्या खांद्यावर पांढरा पंचा. केसांचे चार भाग करून एकेक भाग टाळूला फणी टेकवून थेट टोकापर्यंत ओढायचा, आणि प्रत्येक ओढीनंतर फणी पंच्यावर पुसायची. पुसल्याशिवाय पुढची ओढ नाही, नाहीतर निघालेली ऊ परत डोक्यात जाते. मानेवरचा आणि कानामागचा भाग दोनदा. मोठी ऊ तिळाएवढी असते, पांढऱ्या कपड्यावर लगेच दिसते. पिल्लं दिसायला नजर लागते, म्हणून ढगाळ दिवशी हे काम करू नये. लांब केसांना अर्धा-पाऊण तास लागतो. मुलाच्या आखूड केसांचं काम चहा होईपर्यंत उरकतं.

सगळी गंमत तारखांची आहे. ऊ साधारण महिनाभर जगते आणि रोज काही अंडी घालते. लीख केसाला टाळूजवळ घट्ट चिकटलेली असते, ती साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटते, आणि निघालेलं पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी तेवढाच काळ जातो. म्हणजे आज सगळ्या मोठ्या उवा काढल्या तरी लिखांतून नवी येणारच. त्यांना अंडी घालायच्या आधी पकडायचं. म्हणून पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस असं फणी करतात, आणि सतराव्या दिवशी नुसती तपासणी. मी कॅलेंडरवर त्या तारखांना गोल करते. एक डोकं आज आणि दुसरं परवा असं चालत नाही. घरातली सगळी डोकी एकाच दिवशी, माझं आणि जाऊबाईंचंसुद्धा.

पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज यायला चार ते सहा आठवडेही लागतात, कारण खाज उवेच्या लाळेची असते आणि अंगाला ती ओळखायला वेळ लागतो. मूल खाजवायला लागलं तोवर घरातल्या इतरांकडे त्या पोचलेल्या असतात. म्हणून खाजवत नाही त्याचंही डोकं पाहायचं.

लिखांना घाबरून मुलींचे केस कापणाऱ्या बायांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. टाळूपासून बोटाच्या पेरापेक्षा लांब दिसणाऱ्या पांढऱ्या लिखा म्हणजे रिकामी टरफलं. त्या नुसत्या दिसतात, त्यातून काही निघत नाही. कोंडा असेल तर बोटाने सरकतो, लीख सरकत नाही. सप्टेंबरात माझ्या मुलीच्या केसांत अशी टरफलं होती आणि जिवंत एकही नव्हती. वेणी तशीच ठेवली.

औषधही वापरलं, ते लपवत नाही. जाऊबाईंच्या मोठीचे केस फार दाट आहेत आणि खाजवून तिच्या मानेवर फोड आले होते, कानामागे गाठीही लागत होत्या. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. फोडांसाठी वेगळं औषध मिळालं, उवांसाठी परमेथ्रिन १ टक्का. धुऊन टॉवेलने टिपलेल्या केसांना लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, धुऊन टाकायचं, आणि नवव्या दिवशी पुन्हा. त्याआधी कंडिशनर लावायचं नाही. त्याने जिवंत उवा मेल्या. लिखा मात्र सगळ्या मरत नाहीत, म्हणूनच दुसरी वेळ असते आणि म्हणूनच फणी सोडता येत नाही. कित्येक ठिकाणी उवा आता या औषधालाही दाद देत नाहीत. दुकानात ५ टक्क्यांची क्रीम हातात देतात, ती खरजेची असते. डबीवरचा आकडा वाचून घ्या. गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइड लिहिलेली बाटली लेकरांना लावू नका. त्याने मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात.

सीताफळाच्या बियांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण दिवाळीच्या आसपास आपल्या घराघरांत त्या असतात. आत्याबाई म्हणाल्या, "अवो, एवढ्या उस्तवारीपेक्षा बिया वाटून लाव. आमच्या वक्ताले तेच होतं." बियांनी उवा मरतात हे त्यांचं खरं आहे. पण ती पूड किंवा तिचं पाणी डोळ्यात गेलं तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम होते, डोळा लाल होतो, उघडता येत नाही इतका दुखतो. डोळ्यांचे डॉक्टर असे रोगी पाहतात. डोकं धुताना लहान मूल डोळे मिटून बसेल याची खात्री कोण देईल? आत्याबाईंना हे समजावलं आणि त्यांना पटलं. आता पंच्यावरच्या उवा त्याच शोधतात, त्यांची नजर माझ्याहून चांगली आहे.

मातीचं तेल (रॉकेल) लावून चुलीजवळ बसलेली मुलगी हा विचारही नको. आणि कपाशीवर फवारायच्या औषधाचा थेंबही डोक्याला लावू नये, गुरांच्या गोचिडाचं औषधही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ती धडधाकट माणसं होती. लेकराच्या टाळूतून तेच विष अंगात जातं.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईचे दिवस. मुली घरोघरी गाणी म्हणतात, खाऊ ओळखायला एकमेकींच्या अंगावर रेलून बसतात. तेव्हा आमच्या मुलींच्या डोक्यात पुन्हा उवा आल्या. मुलींना भुलाबाईला पाठवायचं नाही असं मी केलं नाही. गल्लीतल्या आयांना सांगितलं आणि दोन रविवार आमच्या ओट्यावर सगळ्या मुलींची डोकी पाहिली, ज्यांच्यात सापडल्या त्यांची फणी त्यांच्या आयांनी पुढे घरी चालू ठेवली. प्रत्येक मुलीनंतर फणी कढत पाण्यात ठेवायची आणि पुसायची. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, या डोक्यावरून त्या डोक्यावर सरपटत जाते. त्यामुळे एकटीने घर कितीही स्वच्छ ठेवलं तरी शेजारच्या मैत्रिणीचं डोकं तसंच राहिलं तर काही उपयोग नाही. स्वच्छ धुतलेल्या केसांतही ती तितक्याच सुखाने राहते. गाद्या-गोधड्या जाळायची, घर फवारायची गरज नाही. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे, टॉवेल कढत पाण्यात धुऊन उन्हात टाकले की झालं.

गावातल्या एका मुलीला वर्गात सगळ्यांपासून वेगळं बसवलं होतं. ती आईला म्हणाली, मी शाळेत जात नाही. डोक्यातल्या उवांनी कुठला आजार पसरत नाही, आणि त्यासाठी मुलाची शाळा बुडवू नये असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. त्या मुलीच्या आईची कापसाच्या वेचणीवर मजुरी, सकाळी जाते ती दिवस बुडता येते. उजेडात डोकं बघायला तिला वेळ कुठून मिळणार? त्या मुलीचं डोकं आम्ही आमच्या मुलींबरोबर केलं. ती आता शाळेत जाते.

फणीच्या तक्रारी आहेतच. मूठ आणि दात जिथे जोडले आहेत तिथे कढत पाण्याने सांधा सैल झाला, दिवाळीनंतर किंचित हलायला लागला. मूठही स्टीलची असेल अशी फणी मिळाली तर थोडे पैसे जास्त देऊन तीच घ्या. खाऱ्या पाण्यात भिजत ठेवली की दातांच्या मुळाशी गंजासारखे डाग धरतात. वापरून झाली की गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, कोरडी ठेवावी लागते. कुरळ्या केसांत ती ओढते, तिथे कंडिशनर दुप्पट घ्या. दातांमध्ये अडकलेल्या लिखा काढायला मी शिवणाचा दोरा वापरते, जुन्या दातघासणीने तितक्या निघत नाहीत. टाळूजवळ केसाला घट्ट चिकटलेल्या लिखा फणीने सगळ्या निघतील अशी अपेक्षा ठेवू नका. काही नखाने केसावरून ओढून काढाव्या लागतात.

संक्रांतीच्या आधी शेवटची तपासणी केली, चौघांची डोकी साफ निघाली. तरी दर रविवारी एकदा फणी फिरवते, त्याला पाचेक मिनिटं लागतात. जाऊबाईंनी माहेरच्या भाचीसाठी दुसरी मागवली आहे, या वेळी पूर्ण स्टीलची.