‘शांत घोडा, पावणेदोन लाख’: एका सौद्यात काय काय लपवलं होतं

घेणाऱ्याचं वजन 82 किलो, स्वारीचा अनुभव बेताचा. सुट्टीच्या दिवशी रपेट मारायला एक शांत घोडा हवा, एवढीच त्याची गरज. ती त्याने यात्रेत भेटलेल्या पहिल्याच दलालाला सांगून टाकली. दलालाने घोडा दाखवला: मारवाडी, सहा वर्षांचा, उंची 62 इंच, रवाल (स्वाराला हिसके न बसणाऱ्या) चालीचा, ‘पोरगं बसवा, जागचा हलणार नाही’ असा. सौदा पावणेदोन लाखांना पटला.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी घोडा पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागला. पाठीवर माणूस बसला आणि लगाम जरा ताणला गेला, की पुढचे दोन्ही पाय उचलून उभा राहू लागला. पशुवैद्यकाने तोंड उघडून पाहिलं आणि वय 14 च्या आसपास सांगितलं. विकणाऱ्याचा फोन तोवर लागेनासा झाला होता.

सारंगखेडा, माळेगाव, अकलूज या बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या घोडे सांभाळणारी, शब्दाला जागणारी माणसं आहेत. फसवणारे थोडे, पण त्यांची पद्धत ठरलेली असते. घोडा तुमच्या नजरेसमोर काही तासच राहील याची ते काळजी घेतात, कारण त्यांनी जे केलेलं असतं ते काही तास, फार तर दोन-तीन दिवसच टिकतं. म्हणून वरच्या सौद्यातली एकेक गोष्ट सोडवून मांडतो आहोत.

आधी तो शांतपणा. खरेदीदार पोचला तेव्हा घोडा खोगीर चढवून तयार उभा होता. इथेच थांबायला हवं होतं. तयार उभा केलेला घोडा कधी कधी पहाटे दोन तास पळवून दमवलेला असतो, कधी त्याला गुंगीचं औषध टोचलेलं असतं. खोगीर उतरवायला सांगा. खोगिराखाली आणि छातीवर वाळलेल्या घामाचे पांढरे पट्टे दिसतात का, पाठीवर खोगिराने झालेल्या जखमा किंवा त्या बऱ्या होताना उगवलेल्या पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत का, ते बघा. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या. पाठ खचकन खाली गेली किंवा कान मागे पडले, तर पाठ दुखते आहे.

गुंगीच्या दोन औषधांचा वापर जास्त होतो. झायलाझिन दिलेला घोडा मान खाली सोडून, खालचा ओठ लोंबता ठेवून उभा राहतो आणि चालताना मागून डुलतो. हा असर साधारण अर्धा ते एक तास ठळक दिसतो. एसिप्रोमाझिनचा असर हळू चढतो आणि कित्येक तास टिकतो. त्यात डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा पुढे आलेला दिसतो, आणि नराचं इंद्रिय सैल पडून बाहेर लोंबत राहतं. धड शांत घोडा आवाजाकडे कान वळवतो, माशी बसली की कातडी थरथरवतो, समोरून घोडी गेली की मान उचलतो. यातलं काहीच होत नसेल तर तो स्वभाव नव्हे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी न सांगता पुन्हा एकदा जा. मग घोडा मोकळ्यातून धरून आणण्यापासून खरारा, चारही पाय उचलणं, मोहरकी (तोंडावर बांधायची दोरी), लगाम, खोगीर हे सगळं तुमच्यासमोर करायला लावा. आधी त्यांचा माणूस बसेल, मग तुमचा. त्यांचा माणूस बसायला कां-कूं करत असेल तर तुम्हीही बसू नका.

आता पाय. सर्वांत जास्त पैसा इथेच बुडतो. या घोड्याला फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक दिलेलं असावं. त्याचा परिणाम एक दिवस, कधी त्याहून थोडा जास्त राहतो. ओळीने दोन-तीन दिवस डोस दिलेले असतील तर लंगडणं उघडं पडायलाही तेवढाच वेळ लागतो, म्हणून तिसरा दिवस. शिवाय यात्रेतली जमीन रेताड किंवा नांगरलेली असते. मऊ जमिनीवर खुरातलं दुखणं झाकलं जातं. घोडा डांबरी किंवा कडक मुरमाच्या रस्त्यावर, सरळ 30 मीटर, दुडक्या चालीने, सैल दोरीवर पळवून दाखवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. विकणाऱ्याचा माणूस मोहरकीला हनुवटीजवळ घट्ट धरून पळवतो ते हेच डोकं हलू नये म्हणून. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर डोकं हलतच नाही. तेव्हा पावलं आखूड आणि खुरडत पडतात, आणि वळताना घोडा अडखळतो. म्हणून नंतर 10 मीटर व्यासाच्या गोलात दोन्ही बाजूंनी फिरवा.

मग हाताने तपासा. चारही खुरांवर तळवा ठेवून एक दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का बघा. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटं टेकवली की नाडी लागते. निरोगी पायात ती जेमतेम जाणवते, आत दाह असेल तर ठणठण उडते. खुराच्या भिंतीवरची वलयं टाचेकडे रुंद आणि पुढे अरुंद होत असतील, तर त्या खुराला पूर्वी लॅमिनायटिस (खुराच्या आतला दाह) होऊन गेला आहे. खुराच्या मागे, वर सूज, सुईची टोचणी किंवा तेवढ्याच जागी भादरलेले केस दिसले तर पाय बधिर केल्याची शंका घ्या. त्या इंजेक्शनने खालचा भाग दोन-तीन तास काही सांगतच नाही. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड घेणाऱ्यांनी गुडघ्याखाली मागच्या बाजूने जाणारी टेंडनची दोरी वरपासून खालपर्यंत चिमटीत धरून पाहावी. ती सरळ लागली पाहिजे, मध्येच फुगीर किंवा गाठाळ नको.

रक्ताचा नमुना हा विकत घेणाऱ्याचा सर्वांत स्वस्त विमा आहे. तुमच्या पशुवैद्यकाने (विकणाऱ्याने सुचवलेल्या नव्हे) सौद्याच्या दिवशी रक्त घ्यावं, सीरम वेगळं करून गोठवून ठेवावं. पुढे काही निघालं तरच ते प्रयोगशाळेत पाठवायचं. नमुना घेणार आहोत हे आधीच सांगा. बरेच ‘शांत’ आणि ‘धडधाकट’ घोडे हे ऐकल्यावर विक्रीतून मागे घेतले जातात.

वय दातांवरून कळतं, आणि दातांवरच लबाडी होते. घोड्याचे समोरचे दुधाचे दात पडून पक्के यायला मधल्या जोडीला अडीच, बाजूच्या जोडीला साडेतीन आणि कडेच्या जोडीला साडेचार वर्षं लागतात. पाचव्या वर्षी तोंड ‘पूर्ण’ होतं. दाताच्या माथ्यावर कपासारखा खळगा असतो. खालच्या जबड्यात तो मधल्या दातांवर सहाव्या, बाजूच्या दातांवर सातव्या आणि कडेच्या दातांवर आठव्या वर्षाच्या सुमारास झिजून जातो. म्हाताऱ्या घोड्याच्या दातात कानशीने खळगा कोरून तो तापल्या सळईने काळा करतात. खऱ्या खळग्याभोवती दंतकवचाची पांढरी, किंचित उंच कडा असते. कोरलेल्या खळग्याभोवती ती नसते, नुसता काळा डाग असतो. शिवाय कोरून दाताचा आकार बदलता येत नाही: तरुण घोड्याच्या दाताचा माथा आडवा लांबट असतो, वय वाढेल तसा गोल आणि पंधरा वर्षांकडे त्रिकोणी होत जातो. बाजूने पाहिलं तर तरुण घोड्याचे वरचे-खालचे दात जवळजवळ उभे सरळ भेटतात, वय वाढलं की पुढे तिरपे येतात. वरच्या कडेच्या दातावर एक उभी खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी उमटते आणि पंधराव्याकडे दाताच्या निम्म्यापर्यंत उतरते. वर्ष-दोन वर्षांचा फरक या खुणांत पडू शकतो, सहा आणि चौदा यांत गल्लत होत नाही. विकणाऱ्याने ‘तोंडाला हात लावला की बिथरतो’ असं म्हणून दात बघू दिले नव्हते.

पाय उचलून उभं राहण्याचं कारण मात्र रोग नव्हता. तो वरातीत नाचवलेला घोडा होता. अशा घोड्याला लगामाचा दाब आला की पुढून उचलायचं, असंच शिकवलेलं असतं. नवखा स्वार तोल सांभाळायला लगामाला लटकतो, आणि घोडा ते नाचण्याची खूण समजतो. हे शोधायला ओठांचे कोपरे आणि जीभ बघायची: काटेरी लगामाने पडलेले जुने व्रण तिथे राहतात. (काटेरी लगामाला प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणाऱ्या 1965 च्या नियमांत बंदी आहे, तरी तो सर्रास दिसतो.) दुसरी खूण चालण्यात. लगाम सैल सोडून पाच मिनिटं नुसतं चालवा. नाचाचा घोडा सरळ चालत नाही, जागच्या जागी थयथय करतो. तो वाईट घोडा नसतो, पण त्याला नव्याने शिकवायला जाणता चाबूकस्वार आणि बरेच महिने लागतात. नवशिक्याने त्याच्यावर बसणं धोक्याचं.

उरला आकार. टेप नेला असता तर हा सौदा तिथेच थांबला असता. तंग बांधतात तिथला छातीचा घेर गुणिले घेर, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 11,880: पूर्ण वाढलेल्या घोड्याचं वजन किलोत मिळतं. या घोड्याचा घेर 170 आणि लांबी 155, म्हणजे वजन सुमारे 377 किलो. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपुढे जाऊ नये, सराव सुटलेल्या घोड्याला 15 टक्केच धरावेत. 377 चे 20 टक्के 75 किलो. आठ किलोचं खोगीर वजा केलं तर स्वार 67 किलोचा हवा. 82 किलोच्या माणसाला 450 किलोचा घोडा लागतो, आणि मारवाडीत तेवढं हाड शोधावं लागतं. उंचीतही दीड इंच खोटा होता: खूर वाढू दिलेले, वर जाड नाल, आणि उभा केलेला उंचवट्यावर. सपाट फरशीवर, मान सरळ ठेवून, खोगीर ठेवतात त्याच्या पुढे, मान पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत मोजायचं.

रंगाची फसवणूक या सौद्यात नव्हती, पण ती होते. 2022 मध्ये पंजाबात संगरूर जिल्ह्यात जवळपास 23 लाखांना घेतलेल्या काळ्या घोड्याचा रंग अंघोळीत उतरल्याची बातमी सगळीकडे आली होती. पांढरा रुमाल स्पिरिटमध्ये भिजवून पोटाखाली, कानामागे, पायांच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेला घासा. केस उलटे करून मुळं बघा.

कागदपत्रांत मायक्रोचिप असेल तर ती मानेच्या डाव्या बाजूला असते. रीडरवर दिसणारा 15 अंकी क्रमांक घोड्याच्या पासपोर्टशी (ओळखपत्राशी) अंकन्‌अंक जुळवा, नुसता पासपोर्ट बघून मान डोलवू नका. ग्लँडर्सचा अहवाल मागा. हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि लागण सिद्ध झालेला घोडा मारावाच लागतो. अहवालावरची ओळख समोरच्या घोड्याशी जुळते का ते पाहा. नवा घोडा तीन आठवडे बाकीच्यांपासून दूर, वेगळ्या बादली-खराऱ्यावर ठेवा.

पैसे देताना रुमालाखाली बोटं दाबून ठरलेला भाव कागदावर आणा. बाजार समितीची पावती घ्याच, पण सोबत साध्या कागदावर लिहून घ्या: घोड्याचं वर्णन, भोवरे, पांढऱ्या खुणा, सांगितलेलं वय, आणि ‘खरेदी 82 किलोच्या, नवशिक्या स्वाराच्या स्वारीसाठी आहे’ हे वाक्य. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 16 मध्ये, वापराचा हेतू धंदेवाईक विकणाऱ्याला सांगून त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलेली वस्तू त्या हेतूला योग्य असली पाहिजे, ही अट धरलेली आहे. हेतू लिहिलेला नसेल तर सिद्ध काय करणार? इसार दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, बाकी रक्कम बँकेतून आणि शक्यतो सात दिवसांच्या पारखीनंतर. फोटो बघून गाडीभाड्याचे पैसे ऑनलाइन पाठवले आणि घोडा आलाच नाही, असं झालं असेल तर त्याच दिवशी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.

घोडा घरी येऊन लंगडू लागला असेल, तर स्वतःहून वेदनाशामक देऊ नका, रक्तातलं औषध कोणाचं हे मग ठरत नाही. आधी पशुवैद्यकाकडून रक्त, दात आणि खुरांची तारीख घातलेली नोंद, कडक जमिनीवरच्या दुडकीचा व्हिडिओ, मग उपचार. पावती आणि हा अहवाल जोडून विकणाऱ्याला वकिलामार्फत नोटीस द्या. जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा पुरावा असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची फिर्याद देता येते. तोवर घोड्याला पूर्ण विश्रांती द्या आणि खुराचा एक्स-रे काढून घ्या. नालबंदाने टाचेला आधार देणारी नाल बसवली तर अशा पायाचा चौदा वर्षांचा घोडाही हलक्या स्वाराला मऊ जमिनीवर कधी कधी चालवता येतो.