एफडीसीए: शर्करेपासूनचे आम्ल विकत घेताना

फ्रुक्टोजपासून उत्प्रेरकांच्या साहाय्याने तयार केलेले फ्युरानडायकार्बॉक्सिलिक आम्ल, म्हणजेच एफडीसीए, आम्ही प्रयोगशाळेत पॉलिएस्टर बनवण्यासाठी वापरतो. खनिज तेलापासून मिळणाऱ्या टेरेफ्थॅलिक आम्लाला पर्याय म्हणून त्याचा जो बोलबाला आहे, तो बव्हंशी रास्त आहे. एफडीसीए आणि इथिलीन ग्लायकॉल यांपासून बनणारे पीईएफ हे प्लास्टिक प्राणवायू अडवण्यात टेरेफ्थॅलिक आम्लापासून बनणाऱ्या, बाटल्यांच्या नेहमीच्या पीईटी प्लास्टिकपेक्षा कितीतरी सरस असून, ते मऊ पडू लागण्याचे तापमानही सुमारे 10 अंशांनी जास्त आहे.

तक्रार आहे ती शुद्धतेबद्दल. एका पुरवठादाराकडून आलेली भुकटी पांढरीशुभ्र होती, परंतु तिच्यापासून बनलेले पॉलिएस्टर कोऱ्या चहाच्या रंगाचे निघाले आणि इतके ठिसूळ, की त्याचा धागा ओढताच तुटत असे. याचे मूळ उत्पादनपद्धतीत आहे. आम्लधर्मी उत्प्रेरक फ्रुक्टोजमधून पाण्याचे तीन रेणू काढून हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल बनवतो, आणि त्याचे ऑक्सिडीकरण सहसा ॲसिटिक आम्लात कोबाल्ट, मँगनीज व ब्रोमाइड यांच्या साहाय्याने हवेतील प्राणवायू वापरून केले जाते. हे ऑक्सिडीकरण अर्धवट राहिले, तर रेणूच्या एका टोकाला आम्लगटाऐवजी आल्डिहाइड गट उरतो. असा रेणू बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) साखळीला जोडला गेला, की तिची वाढ तिथेच खुंटते. शिवाय शुद्ध एफडीसीएचा वितळणबिंदू 342 अंश सेल्सिअस असल्याने ते ग्लायकॉलमध्ये सावकाश मिसळते, आणि फार वेळ तापवल्यास त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन रंग बिघडतो. म्हणून वितळवून करायच्या बहुवारिकीकरणासाठी मी आता त्याचे डायमिथाइल एस्टर घेतो, कारण ते 112 अंशांच्या आसपास वितळते आणि ऊर्ध्वपातनाने शुद्धही करता येते.

किंमत चढी आहे, पण ती समजण्याजोगी आहे. हिशेबाने 180 ग्रॅम फ्रुक्टोजपासून 156 ग्रॅम एफडीसीए मिळायला हवे; प्रत्यक्षात हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल या मधल्या पदार्थाचा काही भाग पाण्याशी संयोग होऊन लेव्ह्युलिनिक व फॉर्मिक आम्लांत जातो, तर काहीचा काळपट गाळ होतो. नेदरलँड्समधील डेल्फझाइल येथे अव्हँटियम कंपनीने 2024 मध्ये उद्घाटन केलेल्या एफडीसीएच्या कारखान्याची क्षमता वर्षाला 5,000 टन आहे, आणि पीईटीच्या जागतिक उत्पादनापुढे ती नगण्यच म्हणावी लागेल.

विश्लेषण-प्रमाणपत्रावर नुसते ‘शुद्धता 98 टक्के’ असे लिहिलेले असेल, तर उरलेल्या दोन टक्क्यांत आल्डिहाइडयुक्त आम्ल किती आहे, हे पुरवठादाराला लेखी विचारावे. उत्तर मोघम आले, तर सर्वांत लहान बाटलीच मागवावी.